घर बघायला निघण्याआधी

[दृश्य: रविवार सकाळ, ठाण्याचा घोडबंदर रोड. मेट्रोचे खांब, पाण्याचे टँकर, नव्या टॉवरांचे फलक.]

रविवारी सकाळी कासारवडवलीच्या कुठल्याही साइट ऑफिसात डोकावा. नवरा-बायको, कडेवर लेकरू, बरोबर गावाहून आलेले आई-वडील. सँपल फ्लॅट बघून झाला की सेल्सवाला विचारतो, "बजेट किती?" उत्तर बहुतेक वेळा हप्त्यात येतं: "पंचावन्न हजारांपर्यंत झेपेल."

गणित इथेच चुकायला लागतं. हप्ता पुढची वीस वर्षं भरायचा असतो. त्याआधी दोन-तीन महिन्यांत जे रोख पैसे लागतात, ते बँक देत नाही. म्हणून आधी ते मोजायचे.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल, शंभर पानी वही. पेनानं एकाखाली एक आकडे.]

समजा ठाण्यात 80 लाखांचा रीसेल फ्लॅट घ्यायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के, त्यापुढे 75. म्हणजे इथे जास्तीत जास्त 64 लाख. वहीत पहिली ओळ लिहा: खिशातले 16 लाख.

आता खालच्या ओळी. मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 30 हजार. कर्जाच्या गहाणखतावर 0.3 टक्के मुद्रांक, 19 हजार 200. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार. एजंटची दलाली 1 टक्का धरली तर 80 हजार.

बेरीज मारा: 23 लाख 14 हजार. यात वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, रंगकाम, जुनं वायरिंग बदलणं आणि टेम्पो अजून आलेच नाहीत. "वीस टक्के आहेत आपल्याकडे" म्हणणारं घर सात-आठ लाखांनी अडकतं ते या खालच्या ओळींमुळे.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दरानं येणारी किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. रेडीरेकनर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघता येतो, तो बघूनच ओळ भरा. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का सवलत मिळते, इथे थेट 80 हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते.

रीसेलमध्ये आणखी एक खड्डा आहे. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस येतो आणि 74 लाखच धरतो. कर्ज त्याच्या आकड्यावर मिळतं, 59 लाख 20 हजार. वरचे 4 लाख 80 हजार तुम्हीच उभे करायचे, तेही टोकन म्हणजे इसाऱ्याची रक्कम दिल्यानंतर, विकणारा तारीख मागत असताना. म्हणून वहीत "व्हॅल्युएशन फरक" अशी ओळ आधीच ठेवा. विकणाऱ्यानं थोडी रक्कम रोखीत मागितली तर तीही कर्जात बसत नाही, शिवाय कायद्याच्या बाहेर जाते. तिथे थांबलेलंच बरं.

किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असली की 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या आयकरापोटीची रक्कम, खरेदीदारानं कापून सरकारकडे भरायची. हा खर्च वरचा नाही, किमतीतलाच आहे. पण बँक तिचा हिस्सा विकणाऱ्याला देते, म्हणून हे 80 हजार तुमच्या हिश्श्यातून आधीच बाजूला काढावे लागतात. भरायला उशीर झाला तर व्याज, आणि फॉर्म उशिरा भरला तर दिवसाला 200 रुपये.

[दृश्य: खाडीपूल ओलांडणारी लोकल, मग खारघरच्या इमारती.]

नवी मुंबईत वहीत एक ओळ वाढते. इथली बरीचशी जमीन सिडको या सरकारी महामंडळानं भाडेपट्ट्यानं दिलेली आहे, त्यामुळे रीसेलला सिडकोचं हस्तांतरण शुल्क येतं. ते विभागानुसार आणि फ्लॅटच्या आकारानुसार बदलतं. रक्कम आधी काढा आणि ती कोण भरणार, हे टोकनच्या कागदावरच लिहून घ्या. गावठाणातल्या किंवा दिवा स्टेशनकडच्या स्वस्त इमारतीत घर बघत असाल तर आधी बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मागा. इमारत अनधिकृत निघाली तर बँक कर्ज नाकारते, आणि वहीतलं सगळं गणित रोखीवर येतं.

बांधकाम चालू असलेलं घर घेणाऱ्यांचं पान वेगळं. 5 टक्के जीएसटी, 80 लाखांवर 4 लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो नाही. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. त्यानंतर मात्र पैसे वेगानं जातात: महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नमुना करारात जोतं (इमारतीचा चौथरा) पूर्ण होईपर्यंत 45 टक्क्यांपर्यंत मागणी होऊ शकते. बँका साधारणपणे तुमचा हिस्सा आधी भरायला लावतात, म्हणजे "हळूहळू जमवू" हा हिशेब चालत नाही. आणि ताबा मिळेपर्यंत घरभाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरायचं. भाडं 22 हजार आणि व्याज 30 हजार असेल, तर महिन्याला 52 हजार. किमान दोन-तीन वर्षं हे चालेल असं धरा. ताब्याच्या वेळी आगाऊ मेंटेनन्स आणि क्लबहाऊसचे पैसे मागतात, ते वेगळे.

[दृश्य: पगाराची स्लिप, शेजारी कॅल्क्युलेटर.]

आता हप्ता. साडेआठ टक्के दरानं 20 वर्षांसाठी लाखाला सुमारे 868 रुपये. 64 लाखांना साधारण साडेपंचावन्न हजार. दर साडेनऊ झाला तर 59 हजार 600 च्या वर. घरखर्च या दुसऱ्या आकड्यावर तपासा, मेंटेनन्स धरूनच. घोडबंदर पट्ट्यात सोसायटी टँकर मागवते का, महिन्याला किती, हेही विचारा.

सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या पुढे गेले की बँका हात आखडतात. गाडीचा 12 हजारांचा हप्ता चालू असेल तर जवळपास 14 लाखांचं गृहकर्ज कमी होतं. घर शोधण्याआधी तो फेडता आला तर फेडा. सिबिलचा अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो सहा महिने आधी काढा. कधीकाळच्या क्रेडिट कार्डाचे चारशे रुपये थकीत दिसत असतात, आणि ती नोंद दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

रोख कुठून येणार, तेही ओळीओळीनं लिहा: एफडी, म्युच्युअल फंड, पीएफ, सोनं. प्रत्येकासमोर पैसे हातात यायला किती दिवस लागतील तो आकडा. गावची जमीन विकून येणारे पैसे खात्यात पडेपर्यंत वहीत धरू नका. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते वेगळ्या एफडीत ठेवा, त्या ओळीला हात लावायचा नाही.

बँकेचं मंजुरीपत्र घर पसंत करण्याआधीही घेता येतं. ते हातात आल्यावर टोकन द्या, चेकनंच, आणि पावतीवर एक वाक्य लिहून घ्या: कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत. विकणारा हे वाक्य लिहायला तयार नसेल, तर पुढचं घर बघा.

[दृश्य: पुन्हा साइट ऑफिस. टेबलावर कॉस्ट शीट. बोट शेवटच्या ओळीवर.]

सेल्सवाल्याकडून कॉस्ट शीट, म्हणजे सगळ्या खर्चाचा तक्ता मागा आणि सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. वहीतल्या बेरजेशी ती जुळली, तर मग सँपल फ्लॅट बघायला वर जा.