पाचाचे सहा केले तर

मित्रहो, व्यक्तिमत्त्व मोजणाऱ्या प्रश्नावलीत प्रत्येक विधानापुढे उत्तराचे किती पर्याय द्यावेत, हा आजचा प्रश्न. अशा प्रश्नावलीत 'मला अनोळखी लोकांत मिसळायला आवडते' या विधानापुढे 'होय' आणि 'नाही' अशा दोनच चौकटी आहेत असे समजा. लग्नघरात सहज रमणारी, पण कार्यालयातील बैठकीत कोपरा धरून बसणारी बाई थोडे थांबून 'होय'वर खूण करील, आणि जिथे जाईल तिथे ओळखी काढणारी तिची जाऊबाईही 'होय'वरच करील. दोघींमधला फरक उत्तरपत्रिकेत उतरणारच नाही. या नुकसानीचा हिशेब मांडता येतो. घंटाकृती वितरण असलेल्या, म्हणजे बहुतेक माणसे मध्याजवळ आणि टोकांना थोडीच असलेल्या, गुणाचे मध्यावर दोन तुकडे केले, तर अन्य कशाशीही असलेला त्याचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने कमी-जास्त होतात याचे माप) मूळच्या सुमारे 80 टक्क्यांवर येतो, म्हणजे 0.50 चा 0.40 होतो.

मिनेसोटा विद्यापीठातून 1943 साली प्रसिद्ध झालेल्या बहुअंगी व्यक्तिमत्त्व चाचणीत विधाने 'बरोबर' की 'चूक' एवढेच विचारले जाई, आणि 1989 च्या सुधारित आवृत्तीत अशी 567 विधाने आहेत. ही संख्या एवढी मोठी आहे ती मुख्यतः त्या चाचणीत पुष्कळ वेगवेगळे गुण मोजले जातात म्हणून, हे खरे. तरीही एका विधानातून कमी माहिती मिळत असेल तर विधाने वाढवून ती भरून काढावी लागते, हा हिशेब त्यामागे राहतोच. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 साली अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या विषयाकडे पाहण्याचा कल, मोजण्यासाठी पाच पर्यायांची पद्धत मांडली, आणि पुढे व्यक्तिमत्त्वाच्या बहुतेक प्रश्नावल्यांनी पाच हा आकडा फारशी चौकशी न करता स्वीकारला, असे मला वाटते.

ती चौकशी लेनर्ड सिम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केली. तेराशेहून अधिक विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख घटकांची एकच प्रश्नावली देण्यात आली. मात्र कोणाला दोन पर्याय, कोणाला तीन, असे अकरापर्यंत, आणि काहींना पर्यायांऐवजी नुसती सरळ रेषा, जिच्यावर हवी तिथे खूण करायची. पर्याय सहापर्यंत वाढत गेले तसतशी मापनाची अचूकता साधारणपणे सुधारली. त्यापुढे म्हणण्यासारखे काही पदरात पडले नाही, आणि रेषेनेही नाही. पर्याय सम असोत की विषम, म्हणजे मधली जागा असो वा नसो, त्यानेही फारसा फरक पडला नाही.

सहाच्या पुढे लाभ का थांबतो? माणसाला स्वतःच्या स्वभावाचे ज्ञान तेवढे बारीक नसते, हे माझे उत्तर. 'सात' आणि 'आठ' यांतला फरक कागदावर असतो, मनात नसतो. मग तिथे उत्तर देण्याची सवय बोलू लागते. काहीजण टोकेच धरतात, काहीजण मधोमध राहतात, काहीजण कशालाही मान डोलावतात. ही सवय प्रत्येक विधानात तशीच उतरत असल्यामुळे उत्तरे एकमेकांशी जुळतात आणि विश्वसनीयतेचा गुणांक, म्हणजे उत्तरांतील सुसंगतीचे माप, फुगू शकतो. म्हणून तो गुणांक वाढला एवढ्यावर खूश होणाऱ्या संशोधकाला मी विचारतो, की त्याच व्यक्तीला जवळून ओळखणाऱ्या माणसाच्या मूल्यमापनाशी तुमचे गुण आता अधिक जुळतात का? सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते का याचा, हा प्रश्न बहुतेक वेळा अनुत्तरितच राहतो.

मराठीत भाषांतर करताना अडचण आणखी वाढते. 'पूर्णपणे सहमत' आणि 'सहमत' यांच्यानंतर 'काहीसा सहमत' लिहिता येते, पण 'बऱ्यापैकी', 'थोडाफार' आणि 'काहीसा' यांचा चढता क्रम लावायला सांगितला, तर या सभागृहातच एकमत होणार नाही. मधल्या जागेचे 'अनिश्चित' हे नावही फसवे आहे: 'मी दोन्हींच्या मधला आहे', 'प्रसंगावर अवलंबून आहे' आणि 'प्रश्न कळला नाही' ही तीन वेगळी उत्तरे त्या एकाच चौकटीत जमा होतात. माझा स्वतःचा कल सहा पर्यायांकडे आहे, तोही मधली चौकट गेल्याने निदान हा गोंधळ टळतो म्हणून. अर्थात प्रसंगावर अवलंबून असलेल्या माणसाला त्यात एका बाजूला ढकलले जाते, हे मान्य करूनच.

आणि पर्याय बदलले की पाच पर्यायांवर तयार केलेली जुनी प्रमाणके, म्हणजे एखाद्याचे गुण इतरांच्या तुलनेत कुठे बसतात हे सांगणारे तक्ते, आपोआप निरुपयोगी ठरतात. गुणांना सहाने गुणून पाचाने भागले की काम झाले असे पुष्कळांना वाटते. परंतु मधल्या चौकटीत बसलेली माणसे ती काढल्यावर दोन्ही बाजूंना सारखी विभागली जातीलच असे नाही. सोज्वळ वाटणाऱ्या विधानावर ती बहुधा होकाराकडे झुकतील. त्यामुळे नव्या आवृत्तीसाठी नवा नमुना घेऊन प्रमाणके पुन्हा काढावी लागतात.