आधी रिसीव्हर, मग उजेड

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

आजच्या पत्रिकेवर विषय छापला आहे तो ‘छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांसाठी फायबर ऑप्टिक ट्रान्समीटर व रिसीव्हर यांची निवड’ असा, आणि माझी पहिली हरकत त्या शीर्षकातल्या क्रमालाच आहे. ट्रान्समीटर विजेच्या संकेताचा प्रकाश करतो, फायबरचा बारीक तंतू तो प्रकाश नेतो आणि रिसीव्हर त्याचा पुन्हा विजेचा संकेत करतो; म्हणजे ट्रान्समीटर आधी आणि रिसीव्हर नंतर हा क्रम प्रकाशाच्या प्रवासाचा झाला. खरेदीचा क्रम त्याच्या नेमका उलटा असावा, हे मी गेली काही वर्षे भेटेल त्याला ऐकवत आलो आहे. ज्यांना हे पूर्वी ऐकवले आहे असे तीन-चार चेहरे मागच्या रांगेत, दाराजवळ बसलेले मला दिसत आहेत. त्यांची मी आगाऊ क्षमा मागतो.

मुळात तारेऐवजी फायबर कशाला, हे गोव्यातल्या श्रोत्यांना फार समजावून सांगावे लागू नये. मे महिन्याच्या शेवटी आणि पाऊस परततानाच्या ऑक्टोबरात आपल्याकडे विजा कशा पडतात ते आपण जाणतो, आणि जांभ्या दगडात अर्थिंग बसवताना किती घाम निघतो तेही आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. घराबाहेर ओढलेली तांब्याची प्रत्येक तार ही विजेला पाठवलेले आमंत्रण असते. प्लॅस्टिकच्या फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे एका टोकाला काहीही झाले तरी दुसऱ्या टोकाचे सर्किट सुरक्षित राहते.

सावईवेऱ्याकडे माझ्या मामांचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे. पाण्याची टाकी वरच्या अंगाला, पंप खाली, आणि मधले अंतर तीस मीटर. टाकी भरली की पंप थांबावा आणि उतरली की चालू व्हावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पहिल्या वर्षी मी टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणाऱ्या फ्लोटची खबर खाली आणण्यासाठी आरएस-४८५ची (तारेवरून लांबवर डिजिटल संदेश नेणाऱ्या पद्धतीची) तार ओढली. मेच्या अखेरीस दोन्ही टोकांच्या चिप्स जळाल्या. दुसऱ्या वर्षी संरक्षक डायोड लावून पुन्हा तीच तार जोडली, आणि त्या वर्षी चिप्सबरोबर डायोडही गेले. तिसऱ्या वर्षी मी फायबरकडे वळलो आणि सगळ्यांत स्वस्त, सगळीकडे मिळणारी जोडी मागवली, ती म्हणजे टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये डिजिटल आवाज नेणारी. विक्रेत्याच्या वर्णनात ‘टीटीएल आउटपुट, डीसी ५ व्होल्ट’ असे लिहिले होते. त्यातला ‘डीसी’ हा शब्द वाचून, हा रिसीव्हर स्थिर प्रकाशही ओळखतो, असा सोयीस्कर अर्थ मी काढला. वास्तविक ते बिचारे फक्त पुरवठ्याच्या व्होल्टेजबद्दल बोलत होते. (हशा) आपण हसता आहात ते योग्यच आहे. मला हसू यायला मात्र दोन महिने लागले.

घरी टेबलावर चाचणी उत्तम झाली, कारण मी हातातले बटण सारखे दाबत आणि सोडत होतो. ऑडिओची ही जोडी साधारणपणे पाच-दहा मीटरपर्यंतच वापरतात हे ठाऊक असूनही, कुळागरात तीस मीटर केबलच्या टोकाला लाल ठिपका डोळ्यांना स्वच्छ दिसला, तेवढ्यावर मी समाधान मानले. त्या रात्री दोनच्या सुमारास मामांचा फोन आला. “हो पंप पिसो जाला काय कितें?” (हा पंप वेडा झाला की काय?) एवढे बोलून त्यांनी फोन पंपाच्या खोलीकडे धरला, आणि मला कॉन्टॅक्टरचा, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, टक-टक-टक असा आवाज ऐकू आला. पंप सेकंदाला चार-पाच वेळा चालू-बंद होत होता. सकाळपर्यंत कॉन्टॅक्टरची टोके काळी पडली होती, आणि मामांच्या लेखी माझी अभियांत्रिकीही.

आता दोष कोणाचा? रिसीव्हरचा तर मुळीच नाही. तोशिबाने १९८३मध्ये ही जोडणी आणली ती डिजिटल ध्वनीसाठी, आणि त्या ध्वनीची संकेतपद्धती अशी आहे की प्रत्येक बिटला प्रकाश निदान एकदा बदलतोच. तिथे प्रकाश कधी स्थिर राहतच नाही. म्हणून असे अनेक रिसीव्हर येणाऱ्या प्रकाशाची सरासरी काढतात आणि त्या सरासरीच्या वर काय व खाली काय, एवढेच पाहतात. प्रकाश स्थिर झाला की सरासरी त्याच्याजवळ सरकते, फरक शून्यावर येतो, आणि मग तो रिसीव्हर स्वतःच्याच अंतर्गत गोंगाटाला संदेश समजून बडबडू लागतो. माहितीपत्रकात ‘किमान वेग ०.१ मेगाबिट प्रति सेकंद’ अशी एक ओळ होती. त्याला सेकंदाला लाखाच्या हिशोबात बिट हवे होते, आणि मामांचा फ्लोट हलतो दिवसातून चार वेळा! कमाल वेगाचा रकाना आपण सगळेच वाचतो. किमान वेगाचाही एक रकाना असतो हे मी त्या दिवशी शिकलो.

याच ओघात एक छोटे विषयांतर करतो. अभियंते चार्ल्स काओ यांनी १९६६मध्ये काचेच्या तंतूतली प्रकाशाची गळती किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत (डेसिबल हे प्रकाश किती घटला ते मोजण्याचे माप) आणता आली तर दूरसंचार शक्य होईल असे मांडले, आणि २००९मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आजच्या उत्तम काचेत ती गळती किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल आहे. आपल्या एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या तंतूत लाल प्रकाशाची गळती मीटरला साधारण ०.२ डेसिबल असते. काचेचा किलोमीटर म्हणजे आपला मीटर! तरीही मी प्लॅस्टिकच घ्या म्हणतो, कारण काचेचे टोक तयार करायला यंत्र लागते आणि प्लॅस्टिकला धारदार ब्लेड पुरते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. पाऊण तास कुळागरातच गेला. उरलेल्या आठ मिनिटांत निवडीचे सांगतो.

रिसीव्हर घेताना पहिला प्रश्न हा, की तो स्थिर प्रकाश धरून ठेवतो का. एचपीने काढलेली, पुढे अ‍ॅव्हागोची आणि आता ब्रॉडकॉमच्या नावाने मिळणारी एचएफबीआर मालिका या कसोटीला उतरते. त्यातली १५२१ हा ट्रान्समीटर आणि २५२१ हा रिसीव्हर ही जोडी शून्यापासून ५ मेगाबॉडपर्यंत (बॉड म्हणजे सेकंदाला पाठवता येणारे संकेत) चालते. १५२३ आणि २५२३ ही जोडी फक्त ४० किलोबॉडपर्यंत चालते, पण त्या बदल्यात कितीतरी लांब जाते. सेकंदाला नऊ हजार सहाशे बिट एकामागून एक पाठवणाऱ्या सिरियल संदेशाला ५ मेगाबॉडची हौस कशासाठी? वेग हा अंतर मोजून विकत घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न आउटपुटचा. २५२१मध्ये प्रकाश पडला की आउटपुट खाली जाते, म्हणजे संकेत उलटतो. ट्रान्समीटरचा एलईडी ५ व्होल्टकडून रोधामार्गे मायक्रोकंट्रोलरच्या पिनकडे जोडला, म्हणजे पिन खाली गेल्यावर तो पेटेल अशी व्यवस्था केली, तर सिरियल संदेश दुसऱ्या टोकाला आपोआप सरळ होतो. रिसीव्हरच्या पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. तो दोन इंच दूर लावून मग फायबरला शिव्या देणारे मी पाहिले आहेत.

तिसरा प्रश्न रिसीव्हरला किमान किती प्रकाश लागतो आणि कमाल किती सोसतो हा, आणि ट्रान्समीटरची पाळी इथे येते. समजा, ट्रान्समीटर तंतूत उणे १४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) सोडतो आणि रिसीव्हरला उणे २१ लागतात. हातात ७ डेसिबल आहेत. वीस मीटरला ४ गेले, उरले ३. एवढी शिल्लक मला चालते. तीस मीटरला ६ गेले की उरतो १, आणि एलईडी तापला की मंदावतो, जुना झाला की आणखी मंदावतो, म्हणून पत्र्याच्या खोलीत तो १ कुठे जाईल ते सांगता येत नाही. अशा वेळी एलईडीचा प्रवाह वाढवण्यापेक्षा कमी वेगाचा, अधिक संवेदनशील रिसीव्हर घ्यावा. उलट एक मीटरच्या केबलवर प्रकाश अतिरेकी झाला तर रिसीव्हर आंधळा होतो; तिथे प्रवाह कमी करावा.

रंगाविषयी एकच सांगतो. रिमोटमधला ९४० नॅनोमीटरचा अवरक्त एलईडी प्लॅस्टिकला जोडू नये. त्या तरंगलांबीला हे प्लॅस्टिक काळ्या पडद्यासारखे वागते. ६५० नॅनोमीटरचा लाल घ्यावा. नेटवर्कच्या स्विचमधून काढलेली एसएफपी मॉड्यूल्स (ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकत्र असलेल्या छोट्या डब्या) स्वस्तात मिळतात खरी, पण त्यांना काच लागते, विभेदी संकेत (दोन तारांवर परस्परविरुद्ध जाणारा) लागतो, सतत बदलणारी संकेतपद्धती लागते, म्हणजे मामांचा पंप पुन्हा पिसाळणार. शिवाय त्यातल्या अनेकांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यात डोकावून पाहू नये.

मामांकडे आता ४० किलोबॉडची जोडी आहे. प्रकाश आला तर पंप चालू, अंधार असला तर बंद, असा नियम ठेवला आहे. म्हणजे उंदराने केबल कुरतडली किंवा टाकीकडची वीज गेली तरी पंप थांबतो. न वापरलेल्या तोंडांना टोपण लावायला मी विसरलो, तर पहिल्याच पावसाळ्यात मुंग्यांनी तिथे अंडी घातली. त्या सुट्या रिसीव्हरलाही पूर्ण अंधार मिळाला, एवढा मात्र त्यांचा उपकार.

घंटा झाली. या टेबलावर दोन्ही नग ठेवले आहेत, करडा तो ट्रान्समीटर आणि निळा तो रिसीव्हर. शेजारी केबलचे तुकडे, नवे ब्लेड आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर आहे. टोक काटकोनात, एका दाबात कापायचे आणि कागदावर इंग्रजी आठच्या आकारात घासायचे. कात्री मुद्दाम आणलेली नाही.