आधी ओझं, मग गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

२०२१ साली राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यानंतर आमच्या साताऱ्यातल्या गॅरेजात एक नवीन तऱ्हेचं गिऱ्हाईक यायला लागलं. ‘चाकावरचं घर बांधून घेतलंय, आता ते ओढायला जुनी फोर बाय फोर बघायचीय. कुठली घेऊ?’ मी म्हणतो, गाडीचं नाव नंतर. मागं ओझं किती आहे ते सांगा. आधी ओझं, मग गाडी. हे वाक्य आज तुम्हाला दोन-चारदा ऐकावं लागणार आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. घाट चढायला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर, लागतं असं लोकांना वाटतं. डांबरी रस्त्यावर ते लागत नाही. थार, स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म, जिप्सी या गाड्यांत फोर बाय फोर आपण लावायचं असतं, आणि लावलं की पुढची-मागची चाकं एकाच वेगानं फिरायला बांधली जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात टायर घसरून ते भागवून घेतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही आणि सगळा ताण गिअर, जॉइंट आणि क्राऊनवर, म्हणजे चाकांना जोर पोचवणाऱ्या दातेरी चक्रावर, येतो. मग लागतं कुठं? पावसानं भिजलेल्या रानातून कॅरव्हॅन बाहेर काढताना. शेवटच्या शंभर पावलांसाठी फोर बाय फोर, बाकी सगळा प्रवास दोन चाकांवर.

आणि ओढणं हा खरा प्रश्नच नाही. सव्वादोन लिटरच्या आसपासचं कुठलंही धड डिझेल इंजिन टनभर ओझं ओढतं. प्रश्न आहे थोपवण्याचा. पसरणी घाट घ्या. वाईहून पाचगणीला चढताना सुमारे सहाशे मीटर वर जावं लागतं. चढताना फार तर इंजिन तापेल. उतरताना मागचं ओझं तुम्हाला ढकलत असतं.

आता गुरुजींची गोष्ट सांगतो. आमच्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकानं ती ऐकलीय, तुम्हीही ऐका.

वाई तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी. काकू आणि ते, दोघंच. कोल्हापूरकडं कॅरव्हॅन बांधून घेतली आणि ती ओढायला एक काळी, चकचकीत फोर बाय फोर पसंत केली. दिल्ली पासिंगची. एजंट सोबतच आला होता. पुढं हा भला मोठा लोखंडी गार्ड, वर दिव्यांची रांग. (हे गार्ड केंद्र सरकारनं २०१७ सालीच बंद करायला सांगितलेत, तरी हौस फिटत नाही. आणि नंबरप्लेटवर ४१४१ लिहून दादा झाल्यानं ब्रेक चांगले लागतात असा माझा तरी अनुभव नाही.) गुरुजी म्हणाले, ‘तुम्ही फक्त हो म्हणा, की पैसे देतो.’

त्या दिवशी आमचे मामा गॅरेजात बसलेले. मामांचं आयुष्य ऊस वाहण्यात गेलं. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, रात्रीची वाट, कारखान्यापुढची रांग. मामांनी काळ्या गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘गुरुजी, आदी काट्यावर जाऊ.’

गुरुजी दुखावले. खिशातून कागद काढला. बांधणाऱ्यानं लिहून दिलं होतं, साडेसातशे किलो. मामा म्हणाले, ‘ते रिकाम्या गाड्याचं. तुमी काय रिकामा गाडा घेऊन फिरनार व्हय?’

हमरस्त्याच्या कडेला वजनकाटा आहे, तिथं गेलो. पावती आली एक हजार चाळीस. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचली, तरी एक हजार चाळीसच. मग दार उघडलं. शंभर लिटरची पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली, तीही पार मागच्या टोकाला. गॅसची टाकी, गाद्या, तांदळाचं पोतं, डबे. आणि मागच्या खालच्या कपाटात, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला पाटा-वरवंटा!

मामा म्हणाले, ‘काकू, मिक्सर घ्यायचा की.’

काकू म्हणाल्या, ‘मिक्सरला लाईट लागते. तुमच्या त्या जंगलात लाईट कोण देणार, वाघ?’

मामा गप्प. मग ते पुढं गेले आणि कॅरव्हॅनची गाडीला जोडायची दांडी एका हातानं उचलून दाखवली. एका हातानं! इथं नीट ऐका, श्रोतेहो. भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाचा शेकडा पाच ते सात भाग दांडीवर यायला हवा. हजार किलोची असेल तर दांडीवर पन्नास ते सत्तर किलो. मागं ओझं जास्त झालं की दांडी हलकी होते आणि वेग घेतला की कॅरव्हॅन शेपटीसारखी हलायला लागते. मग माणूस गाडीला दोष देतो, टायरला देतो, आणि खरं कारण मागच्या कपाटात साडी नेसून बसलेलं असतं.

टाकी रिकामी केली; पाणी मुक्कामाच्या जागी भरायचं. पाटा काकूंच्या देखत पुढं आणला, चाकांच्या जरा पुढं, जमिनीलगत. घरातला वजनाचा काटा दांडीखाली ठेवला, मध्ये लाकडाचा ठोकळा. पंचावन्न किलो. एकूण वजन नऊशे चाळीसवर आलेलं, म्हणजे बरोबर बसलं.

एवढं झाल्यावर मामा काळ्या गाडीकडं वळले. बॉनेट उघडायला एजंट पुढं झाला, तर मामा गोणपाट टाकून मागून गाडीखाली शिरलेले. खालून नुसता हात बाहेर आला, बोट काळंकुट्ट. चासीला नुकताच काळा रंग मारलेला. सगळीकडं नाही हं, फक्त मागच्या आडव्या पट्टीवर, जिथं टोचनाचा हूक बसतो तिथं. मामांनी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं. खाली वेल्डिंगचा नवा सांधा. जिथून सगळं ओझं ओढायचं, तिथंच गाडी एकदा फाटून जोडलेली.

बाहेर येऊन मामा म्हणाले, ‘फोर लो लावा.’ म्हणजे फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर. एजंटनं बटण फिरवलं. दिवा लुकलुकत राहिला. थोडं पुढं घेतलं, मागं घेतलं. दिवा आपला लुकलुकतोय. एजंट म्हणाला, ‘गरज कधी लागतीय ओ त्याची?’

मामा म्हणाले, ‘मग गुरुजींनी सादीच घेतली असती की.’

काळी गाडी गेली. नंतर कराडकडच्या एका शेतकऱ्याची पांढरी स्कॉर्पिओ आली, एमएच पन्नास. सीट फाटलेल्या, पायाखाली माती. पण तिचं फोर लो खटकन लागलं, कारण तो रोज रानात लावत होता. हे ध्यानात ठेवा: न वापरलेलं फोर बाय फोर चांगलं नसतं, ते गंजलेलं असतं. कॅरव्हॅन जोडून पसरणी घाटात नेली. ऐन चढावर थांबवली, हँडब्रेक ओढला. मागं सरकली नाही. उचलली, क्लचचा करपट वास नाही. पाचगणीहून उतरताना दुसऱ्या गिअरात ठेवली, ब्रेक अधूनमधून. खाली आल्यावर मामांनी प्रत्येक चाकाजवळ हात धरून धग बघितली. गाडीची चारही सारखी. कॅरव्हॅनचं डावं चाक मात्र जास्त गरम, कारण त्याचा ब्रेक चिकटत होता. तो आम्ही नंतर जुळवून दिला.

घाटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची हा कायद्याचा नियम आहे. पूर्वी एसटीचे ड्रायव्हर तो न सांगता पाळायचे. आता पर्यटकाची गाडी उतारावरून दिवे मारत येते आणि भरलेला ट्रक चढावर अडवते. असो.

तर, आधी ओझं, मग गाडी. इंग्लंडमधले कॅरव्हॅनवाले एक आडाखा पाळतात: भरलेली कॅरव्हॅन ही ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या शेकडा पंच्याऐंशीच्या आत हवी. स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म या दोन टनांच्या आसपासच्या, चासीवर बांधलेल्या गाड्या; गुरुजींच्या कॅरव्हॅनला त्या आरामात पुरतात. जिप्सी माझी आवडती, डोंगरात तिला तोड नाही, पण ती स्वतःच टनाच्या आसपास. तिच्यामागं टनभर कॅरव्हॅन लावू नका. आणि २०२१ नंतरची सफारी नावालाच सफारी. तिची फक्त पुढची चाकं ओढतात. गाडीच्या पुस्तकात किती ओझं ओढायचं याचा आकडा असेल तर तो शेवटचा शब्द. नसेल तर कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

कागदांचं थोडक्यात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादानं बंदी आणली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडं येतात. स्वस्त दिसतात, पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणि आपल्याकडचा रोड टॅक्स धरून हिशेब करा. कर्जाचा बोजा उतरलाय का बघा. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या आणि आरसी बुकाशी ताडून बघा. पंधरा वर्षं भरत आली असतील तर फेरनोंदणीचा खर्चही मोजा.

आणि एक, जे पुष्कळांना माहीतच नसतं. कायद्यानं ट्रेलर हेसुद्धा स्वतंत्र वाहन आहे. म्हणजे कॅरव्हॅनची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, विमा वेगळा. नुसता गाडीचा नंबर मागं रंगवून भागत नाही. घडवणाऱ्याला बयाणा देण्याआधी विचारा, की याची नोंदणी होईल असे कागद तुम्ही देणार का? तो ‘बघू नंतर’ म्हणाला तर बयाणा खिशातच ठेवा. कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर लांब दांड्याचे आरसे दोन्ही बाजूंना बसवून घ्या. नुसता उजवीकडं बसवला तर डावीकडचा दुचाकीवाला दिसत नाही.

वेळ संपत आली. नमस्कार.