हरिहरच्या पायऱ्या कशा वाचल्या

नमस्कार मंडळी! नाशिककरांना रस्ता म्हटलं की मुंबई-आग्रा हायवे आठवतो, नाहीतर त्यावरचे खड्डे. पण आज ज्या लष्करी वाटेबद्दल बोलायचंय ती उभी आहे, म्हणजे खरंच उभी, त्र्यंबकच्या बाजूला हरिहर गडाच्या कातळात खोदलेली. रील्समुळे तुम्ही बघितलीच असेल.

गड यादवकाळातला मानतात, काम काय तर कोकणातून गोंडा घाटाने वर येणाऱ्या वाटेवर नजर ठेवायची. १६३६ ला त्र्यंबकगडासोबत हाही मोगलांकडे गेला, १६७० ला शिवाजी महाराजांच्या मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला, पुढे पुन्हा मोगल, पुन्हा मराठे, ते असो. खरी गंमत वाटेतच आहे. पायऱ्या अरुंद, दोन्ही अंगाला बोटं रुतवायला खोबण्या, वर छोटासा दरवाजा, आणि आता पोचलो बुवा म्हणावं तर पुढे कातळात कोरलेली वाट, डोक्यावर दगड आणि बाजूला दरी, तिथून वाकूनच जायचं आणि मग परत पायऱ्या. खालून शंभर जण आले तरी वरच्याच्या समोर येणार एकच!

१८१८ ला पेशवाई बुडाली, आपल्याकडचे गड एकामागून एक इंग्रजांकडे गेले. आता एवढ्या गडांवर शिबंदी, म्हणजे पहाऱ्याची फौज, ठेवायची तर पगार कोण देणार? आणि रिकामे सोडले तर कोणीतरी परत चढून बसणार. मग सोपा उपाय काढला, गड राहू दे, वाट उडवा. चांदवडकडच्या राजधेर गडाला जा, तुटलेल्या वाटेवर आता लोखंडी शिडी आहे, आणि अलंग-मदन गडांवर चढायला तर दोर लागतो.

हरिहर इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्जने बघितला आणि भिंतीला शिडी लावावी तशा पायऱ्या असं काहीसं लिहूनही ठेवलं. त्या आवडल्या म्हणून त्याने हात लावला नाही असं लोक सांगतात, मला ते जरा गोड करून सांगितल्यासारखं वाटतं, पण पायऱ्या शाबूत आहेत हे खरं.

आता रविवारी तिथे हीऽऽ गर्दी, चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात, कारण वाट केलीच होती अडवायला. तेव्हा जमलं तर मधल्या वारी जा, पावसात शेवाळ असतं, आणि उतरताना तोंड दगडाकडे ठेवा, सेल्फी खाली आल्यावर.