आधी सोडा, मग घ्या

मंडळी, विषय दम्यातल्या श्वासाच्या व्यायामाचा दिलाय, त्यावर येतोच. पण वसमतला बोलायचं आणि हळदीचा धुरळा सोडून पुढं जायचं, हे जमणार नाही. हळद पॉलिशच्या ड्रमची धूळ, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, बांधावरचं गाजरगवत... दमेकऱ्याच्या श्वासनळ्या एवढ्यानंही सुजतात, आवळतात, आत चिकट बेडका साचतो. मग घरचे पाठ चोळत म्हणतात, "मोठा श्वास घे!" इथंच चुकतं. दम्यात हवा जास्त अडते ती बाहेर पडताना. जुनी हवा छातीत कोंडलेली, त्यात वरून आणखी भरायला लावलं तर जीव घाबरा होणारच.

पंपाचंही, म्हणजे तोंडानं औषध ओढायच्या इनहेलरचंही, तेच. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटची पायरी" असं गावोगाव ऐकू येतं, आणि त्याचा मला राग येतो. पंपातलं सूज उतरवणारं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. पंप सोडल्यावर दमा उसळतो तो सवयीमुळं नाही. आतली सूज गेलेली नसते म्हणून. बरं, जे घेतात त्यांचीही पद्धत चुकते. पंप हलवा. आधी श्वास पूर्ण सोडा. हीच पायरी लोक गाळतात. पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, श्वास ओढायला लागताच दाबा, सावकाश 3 ते 5 सेकंद ओढा, 10 सेकंद रोखा. घाईनं ओढलं तर औषध घशातच आपटतं. दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा. कॅप्सूलमधली औषधाची पूड ओढायच्या यंत्राचं मात्र उलटं, तिथं जोरात ओढायचं. आणि ती कॅप्सूल गिळायची नाही. हसू नका, गिळणारे आहेत! स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर व्यायाम. खुर्चीत बसा, खांदे सैल, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकानं दोन मोजेपर्यंत घ्या. पोटावरचाच हात हलला पाहिजे. मग ओठांचा चंबू करून, चहावर फुंकर घालतो तशी, चार मोजेपर्यंत सोडा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बरं वाटत असताना. बोटांना मुंग्या आल्या, गरगरलं, तर श्वास जास्त होतोय, थांबा. धाप लागलेली असताना भस्त्रिका, कपालभाती नको. झपाझप श्वासानं नळ्या कोरड्या पडून आणखी आवळतात.

फायदा किती? ब्रिटनमध्ये 655 जणांवरची चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. व्यायाम शिकलेल्यांचं रोजचं जगणं सुसह्य झालं, अगदी व्हिडिओ पाहून शिकलेल्यांचंही. फुप्फुसाच्या मोजणीत आणि सुजेत मात्र फरक पडला नाही. म्हणून पंप चालूच ठेवायचा.

आणि तातडीचा, म्हणजे आवळलेल्या नळ्या लगेच सैल करणारा पंप घेऊनही एका दमात एक वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले, तर फुंकरा मोजत बसू नका. पुढं झुकून बसवा, तोच पंप देत राहा, 108 ला फोन लावा.