अंगठा जुळत नाही

हा अंगठा जरा जवळून बघा. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत, असे हात घरोघरी भेटतील. भिजवलेलं तेंदूचं पान कातरीनं मापात कापायचं, तंबाखू भरायची, अंगठा आणि तर्जनीत वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजार विड्यांवर. वर्षानुवर्षं हेच करून बोटांवरच्या रेषा झिजतात.

महिन्याला हीच बोटं रेशन दुकानातल्या, ठसा तपासणाऱ्या ई-पॉस यंत्रावर ठेवायची. यंत्र म्हणतं, जुळत नाही.

"अक्का, हात पुसून परत ठेवा." परत नाही. "उद्या या." त्या एका 'उद्या'त किती विड्या बुडतात, ते अक्काच जाणे. दुकानदाराचा रोज काही बुडत नाही, यंत्र बसवणाऱ्याचा तर नाहीच.

याला तांत्रिक अडचण म्हणायची पद्धत आहे. आम्हाला तसं वाटत नाही. ओळख बोटानं पटवायची आणि नाही पटली तर खेटे कार्डधारकानं घालायचे, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलंय. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो आणि अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क दिला. 2018मध्ये आधारच्या खटल्यात सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं, की ओळख पटली नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला नाकारलं जाणार नाही.

पण ते दुकानाच्या फळीपर्यंत पोचवायचं कसं? ओटीपी आहे म्हणतात. तो येतो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा असतो पुण्याला कामाला. वहीत नोंद करून धान्य द्यायचं, तर वही उघडायची की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर. हक्काच्या तांदळासाठी मिनतवारी करावी लागते, ती इथं.

याच शहरातल्या विडी कामगार बायकांनी कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तरांच्या युनियनबरोबर मोर्चे काढून शहराजवळच्या कुंभारीत घरं मिळवली. 2006मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000, आणि 2024च्या जानेवारीत रेनगरची पहिली 15,000. स्वतःला काय हवं ते त्या नेमकं सांगू शकतात, हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही.

तेव्हा पुढच्या यंत्राची निविदा निघेल, त्यात दोन अटी घाला. खरेदीआधी चाचणी विडी घरकुलातल्या बोटांवर व्हावी. आणि अंगठा नाकारला, तर त्या नकाराची छापील पावती तारीख-वेळेसह अक्काच्या हातात पडावी, म्हणजे तहसीलमध्ये दाखवायला तिच्याकडे काहीतरी असेल.