तारेखालचा तलाव आणि माशाच्या अंड्यातलं हृदय

(भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात मच्छीमार संस्थेच्या बैठकीत झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून.)

नमस्कार मंडळी. अध्यक्ष भाऊंनी मला सरळच प्रश्न दिला, की आपल्या मामा तलावावरून, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावरून, ती विजेची मोठी लाईन गेली तेव्हापासून काठावरच्या हाप्यात, म्हणजे अंडी उबवायच्या जाळीच्या पेटीत, अंडी मरून राह्यली, तर लाईनच्या चुंबकामुळे पिल्लाचं हृदय बंद पडते का. मागे बसलेले कॉलेजचे पोट्टे हसले, पण हा प्रश्न हसण्यासारखा नाही, जगभरच्या लॅबमध्ये लोक याच्यावर काम करून राह्यले, म्हणून आज त्याच्यावरच बोलतो.

आधी हृदय कसं बनते ते पाहू. लॅबमध्ये यासाठी झेब्राफिश नावाची मासोळी वापरतात, बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगावर निळे पट्टे, मूळची आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांतली. तिचं अंडं काचेसारखं आरपार दिसते, जेमतेम एक मिलिमीटरचं. आज सकाळी अंडं फळलं तर उद्या सकाळी, म्हणजे साधारण २४ तासांत, मायक्रोस्कोपखाली पिवळ्या बलकाच्या कडेला काहीतरी लुकलुकताना दिसते. ते हृदय. तेव्हा ती फक्त एक सरळ नळी असते, तिच्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाट जाते. मग नळी वळते, दोन कप्पे पडतात, आधी वरचा कप्पा आकसतो आणि लगेच खालचा, आणि तुम्ही धीर धरून पाह्यलं तर रक्तातल्या पेशी एकेक करून शेपटीकडे जाताना मोजता येतात. दोन-तीन दिवसांचं पिल्लू झालं की मिनिटाला १२० ते १८० ठोके. माशाला दोनच कप्पे, आपल्याला चार, तरी ठोका पडण्याची रीत पुष्कळशी सारखी आहे, कॅल्शियम पेशीत आत आलं की स्नायू आकसतो, बाहेर गेलं की सैल पडतो. आपल्या रोहू-कटल्याची तर याहून घाई, पाणी कोमट असलं की सोळा-अठरा तासांत अंडं फुटून पिल्लू बाहेर.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, कारण आपल्या हाप्याचा अर्धा हिशोब इथेच लागतो. एवढ्या बारक्या जीवाला पहिले काही दिवस जगायला हृदय लागतच नाही. ऑक्सिजन पाण्यातून अंगाच्या कातडीतूनच आत मुरतो. जन्मतः हृदय धडकतच नाही अशी झेब्राफिशची पिल्लं लॅबमध्ये आहेत, आणि तीसुद्धा काही दिवस जगतात. म्हणजे रात्रीतून सगळी अंडी मेली, अख्खा हापा पांढरा पडला, तर ते हृदय बंद पडल्यामुळे नाही. अंडी फळलीच नव्हती, किंवा पाण्यातला ऑक्सिजन संपला, किंवा बुरशी चढली. हृदयाची गडबड असती तर पिल्लं आधी बाहेर आली असती, मग छातीपाशी पाणी साचून फुगली असती, आणि हळूहळू संपली असती. तुम्हाला काय दिसलं होतं ते आठवून पाहा.

आता चुंबकाकडे येऊ. चुंबकक्षेत्र मायक्रोटेस्लात मोजतात. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्या भागात चाळीसच्या थोडं वर आहे, ते आपल्या जन्माच्या आधीपासून आहे आणि स्थिर आहे. नागपूरला एमआरआय काढता, ते मशीन १.५ टेस्लाचं असलं तर झाले १५ लाख मायक्रोटेस्ला. आणि आपल्या तलावावरच्या ४०० केव्हीच्या, म्हणजे ४ लाख व्होल्टच्या, तारेखाली जमिनीवर साधारणपणे काही मायक्रोटेस्ला, पण ते स्थिर नाही, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. माणसांसाठी अशा क्षेत्राची २०१० ची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. कोणी म्हणेल पाणी अडवते ना, तर नाही, तारेचं विद्युतक्षेत्र पाण्यात शिरताच जवळजवळ संपते पण चुंबकक्षेत्राला पाणी आणि हवा सारखीच, ते तळापर्यंत जाते. म्हणून तुमची शंका चुकीची नाही.

मग अंड्यांवर प्रयोग झाले का? झाले. २०१४ साली चीनमधल्या संशोधकांनी झेब्राफिशची अंडी ५० हर्ट्झच्या, म्हणजे आपल्या तारेसारख्याच सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणाऱ्या क्षेत्रात ९६ तास ठेवली, ३० पासून ८०० मायक्रोटेस्लापर्यंत वेगवेगळे गट केले. मरणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही, वेडीवाकडी पिल्लंही जास्त झाली नाहीत, पण अंडी उशिरा फुटली आणि ठोके कमी झाले. दुसरीकडे पोलंडमध्ये रेनबो ट्राउटची अंडी याहून जास्त, १ मिलिटेस्ला म्हणजे १००० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात पुष्कळ दिवस ठेवली, तिथे मरणात किंवा अंडी फुटण्याच्या वेळेत फरक नाही, फक्त पिल्लांनी पोटाचा बलक लवकर संपवला. म्हणजे काहीतरी होते, पण मासा बदलला, ताकद बदलली की निकाल बदलते.

कसं होत असेल याचा हिशोब मला स्वतःला फार आवडतो. १८३१ साली फॅराडेनं दाखवलं की बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे वीज तयार होते, ट्रान्सफॉर्मर त्याच्यावरच चालतो. पण ही वीज वेटोळ्याच्या आकारावर अवलंबून असते, आणि अंड्याचं वेटोळं एक मिलिमीटरचं. १०० मायक्रोटेस्लातसुद्धा अंड्यात मीटरला फक्त काही मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे काही दहा लाखावे भाग, तयार होतात, आणि हृदयाच्या पेशीला बाहेरून धक्का द्यायचा तर मीटरला व्होल्टच्या घरात लागते. लाखो पटीचा फरक झाला. म्हणजे थेट झटका बसून हृदय अडखळते ही गोष्ट बसत नाही. काही परिणाम होत असेल तर तो कॅल्शियमच्या येण्याजाण्यातून किंवा पेशीतल्या रसायनांतून आडवाटेने होत असेल, आणि अशा आडवाटेच्या परिणामाला पकडायचं म्हणजे प्रयोग लय काटेकोर लागते.

काटेकोर म्हणजे काय? लॅबमध्ये चुंबकक्षेत्र तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉईलमधून, तयार करतात. कॉईलमधून करंट गेला की कॉईल तापते, तापली की पाणी तापते, आणि माशाचं हृदय पाण्याच्या तापमानावर चालते, १० अंश वाढले की ठोके जवळजवळ दुप्पट. म्हणजे अर्धा-एक अंश फरक पडला तरी ठोके हलतात, आणि आपण म्हणू चुंबकानं केलं. म्हणून चांगल्या लॅबमध्ये कॉईलला तार दुहेरी गुंडाळतात. एकदा दोन्ही तारांतून करंट एकाच दिशेने सोडतात, क्षेत्र तयार होते. दुसऱ्या वेळी उलट दिशेने सोडतात, क्षेत्र एकमेकांना मारून टाकते, पण उष्णता आणि थरथर तेवढीच राहते. आणि ठोके मोजणाऱ्याला सांगतच नाहीत की हे अंडं कोणत्या गटातलं. ज्या प्रयोगात हे केलं नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो मोठ्या देशातला का असेना. तसंच बाजारात जे चुंबकाचे पट्टे हृदयासाठी म्हणून विकतात, ते घेऊ नका, आणि त्यांच्या भरवशावर बीपीची गोळी तर अजिबातच बंद करू नका.

आता आपला तलाव. मी काल काठाकाठानं फिरलो. लाईन टाकताना तारेखालची झाडं तोडली, चाळीस-पन्नास मीटरचा पट्टा साफ झाला. आधी तिथे अर्जुन आणि जांभूळ होते असं काकाजींनी सांगितलं. आपला हापा बरोबर त्याच पट्ट्यात लागते, कारण तिथे गाडी येते. म्हणजे लाईन आली आणि सावली गेली, दोन्ही एकाच वर्षी. उथळ पाणी, वरून ऊन, पाणी तापलं की त्याच्यात ऑक्सिजन कमी मावते आणि पिल्लाला मात्र जास्त लागते. माझा संशय पहिले तिथे जाते, चुंबकावर नंतर.

पण संशयावर थांबायचं काऊन? या पावसाळ्यात एकाच मादीची अंडी तीन हाप्यांत वाटा, एक तारेखाली आणि एक पलीकडच्या झाडीच्या बाजूला. तिसरा हापा तारेखालीच लावा पण वर पळसाच्या फांद्यांची सावली करा, हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो सावली आणि तार वेगळी करते. तिन्हीकडे थर्मामीटर बांधा, पहाटे, दुपारी, संध्याकाळी लिहा, पहाटेचं विसरू नका कारण ऑक्सिजन तेव्हाच सगळ्यात कमी असते. पांढरी अंडी मोजायला असा पोरगा ठेवा ज्याला कोणता हापा कुठला ते सांगितलेलं नाही, नमुने बाटलीत नंबर टाकून आणा. मायक्रोस्कोप मी आमच्या कॉलेजातून आणतो, मोबाईल त्याच्या डोळ्यावर धरून व्हिडिओ काढू आणि ठोके मागाहून निवांत मोजू. त्या तिसऱ्या, सावलीतल्या हाप्यात पिल्लं वाचली तर झाडं लावायची मागणी करू, तशीच मरत राह्यली तर मग तारेखाली मीटर लावून क्षेत्र मोजायची लेखी मागणी करू, कागद मी लिहून देतो, सह्या तुम्ही करा.